हातातले यंत्र आणि गावचे काम : तरुण कार्यकर्त्यांच्या नव्या साधनांचा अभ्यास

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शिक्षण आणि समाज' या विषयावर काही लिहून द्यावे, असे चिटणीसांनी कळविले, तेव्हा मी विषय बदलून मागून घेतला. गेली काही वर्षे आपल्या वार्षिक सभेत एक वाद हटकून निघतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, "मुले दिवसभर मोबाईलमध्ये डोके घालून बसतात, सभेला मात्र येत नाहीत." मुले म्हणतात, "सभेत दोन तासांत जे ठरत नाही ते आम्ही ग्रुपवर दहा मिनिटांत ठरवतो." मी शाळेत शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसे माझ्या परिचयाची, किंबहुना आज जी मुले वाद घालतात त्यांतील बरीचशी एके काळी माझ्याच वर्गात बसत असत. दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि दोघांचेही अपुरे आहे. ते कसे, हे थोडे तपशिलात जाऊन पाहावे असे मनात आले.

मोबाईल, संगणक, इंटरनेट व त्यांवर चालणाऱ्या निरनिराळ्या सोयी यांना मिळून डिजिटल साधने म्हणतात. शब्द परका असला तरी वस्तू घराघरांत आहे. पूर्वी मोहल्ल्यात सभा भरवावयाची तर हस्तपत्रके छापावी लागत, सायकलवरून निरोप पाठवावे लागत. सह्यांचा अर्ज द्यावयाचा म्हणजे महिनाभर उंबरे झिजवावे लागत. आज व्हॉट्सॲपवर निरोप क्षणात शेकडो घरी पोहोचतो. अर्जाचा नमुना सर्वांना एकदम देता येतो. एकच तक्ता दहा ठिकाणचे दहाजण आपापल्या जागी बसून भरू शकतात. नकाशावर खुणा करता येतात, आणि दूरदृश्य पद्धतीने सभाही भरविता येते. यात स्वस्त झाले ते माणसे एकत्र आणण्याचे काम. परंतु माहिती नेमकी कोणती, ती खरी कशावरून, म्हणणे कोणापुढे व कोणत्या तारखेच्या आत मांडावयाचे, आणि निकाल लागेपर्यंत टिकून राहावयाचे कोणी, हे प्रश्न पूर्वी जितके महाग होते तितकेच आजही आहेत. माझ्या मते या विषयाचे सारे मर्म या फरकात आहे.

हा फरक मी पुस्तकातून शिकले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा या नद्यांना महापूर आला आणि बेळगाव जिल्ह्यातील कित्येक गावे पाण्याखाली गेली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. आपल्या सभागृहात तेव्हा मदत गोळा होत होती. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने निरोपाचा मसुदा केला व मला दाखविला. मी शुद्धलेखन तपासले आणि 'ठीक आहे' म्हटले. मजकूर इतकाच होता : पूरग्रस्तांसाठी कपडे व चादरी हव्यात, ट्रस्टच्या सभागृहात आणून द्याव्यात, निरोप पुढे पाठवावा. शुद्धलेखन बिनचूक होते. पण निरोपावर तारीख नव्हती, पाठविणाऱ्याचे नाव नव्हते, आणि हे किती दिवस हवे आहे तेही नव्हते. पहिल्या दोन दिवसांत कपड्यांचा ढीग लागला. तिसऱ्या दिवशी त्या मुलीने निवारा केंद्रांत फोन करून विचारले, तेव्हा कळले की कपडे पुरेसे झाले आहेत. हवीत ती औषधे, विजेऱ्या, ताडपत्र्या, बायकांच्या गरजेच्या वस्तू आणि मुलांच्या वह्या. तिने लगेच दुसरा निरोप पाठविला. परंतु पहिला निरोप फार पुढे निघून गेला होता आणि दुसऱ्याला त्याची गाठ पडेना. ऑक्टोबर उजाडला तरी कपड्यांची गाठोडी येतच होती. आमचे शिपाईमामा एके दिवशी म्हणाले, "बाई, तुमचा निरोप अजून फिरतोय. त्याला आता थांबवा कोणीतरी." थांबविता येत नाही, हेच तर त्याचे वैशिष्ट्य! चूक मुलीची नव्हती. मसुदा मंजूर करणारी मी होते.

त्यानंतर तिने जी पद्धत बसविली तिच्याविषयी शेवटी सांगेन. त्याआधी, हीच साधने मोठ्या प्रश्नावर नीट वापरली म्हणजे काय होऊ शकते याचे एक उदाहरण पाहू. ते आपल्या शेजारचेच आहे.

आपण बेळगावकर खानापूर, रामनगर, अनमोड करीत गोव्यास उतरतो, तेव्हा घाट संपल्यावर मोले लागते. तेथील भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचे सह्याद्रीतील दाट अरण्य आहे. दूधसागरचा धबधबा याच अरण्यात. या प्रदेशातून तीन प्रकल्प न्यावयाचे ठरले होते : कॅसलरॉककडून कुळेकडे उतरणाऱ्या रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण, ४०० किलोव्होल्टची वीजवाहिनी, आणि आपल्या ओळखीच्या त्या महामार्गाचे रुंदीकरण. २०२० च्या एप्रिलमध्ये देशभर टाळेबंदी होती. शाळा बंद, बाजार बंद, चारजणांनी एकत्र येण्यास बंदी. त्या काळात राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची सभा दूरदृश्य पद्धतीने झाली आणि देशातील निरनिराळ्या वनप्रदेशांतील प्रस्ताव पुढे सरकले. त्यांत मोल्याचाही समावेश होता. म्हणजे मंजुरी देणारे पडद्यावर भेटू शकत होते, हरकत घेणाऱ्यांना मात्र रस्त्यावर येता येत नव्हते. गोव्यातील तरुणांनीही मग तोच पडदा हाती घेतला.

'आमचे मोले' या नावाने ओळखली जाणारी ही मोहीम मुख्यतः समाजमाध्यमांवर उभी राहिली, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. चित्रकारांनी त्या अरण्यातील प्राणी, पक्षी, वेली यांची सुंदर चित्रे काढली आणि ती सर्वत्र पसरली, हे खरेच आहे. ज्याने मोले कधी पाहिले नाही त्यालाही त्याविषयी आपुलकी वाटू लागली. परंतु त्या चित्रांच्या मागे फारसे कोणाच्या दृष्टीस न पडणारे एक काम चालले होते, ते म्हणजे वाचनाचे. शासनाच्या 'परिवेश' नावाच्या संकेतस्थळावर (हे २०१८ साली सुरू झाले) प्रकल्पांचे अर्ज, अहवाल, सभांची इतिवृत्ते पाहावयास मिळतात. शेकडो पानांची ही कागदपत्रे शास्त्रज्ञ, वकील, स्थापत्यविशारद व विद्यार्थी यांनी आपसांत वाटून वाचून काढली. अहवालांत काय राहून गेले आहे, अरण्य एकच असताना तीन प्रकल्पांचा विचार तुकड्यातुकड्यांनी का झाला आहे, हे त्यांनी लिहून काढले. मग शास्त्रज्ञांची पत्रे, विद्यार्थ्यांची पत्रे, पर्यटन व्यवसायातील लोकांची पत्रे निरनिराळी गेली. प्रत्येकाने आपल्या जागेवरून आपल्याला जे ठाऊक तेच लिहिले. एका शिक्षिकेच्या नजरेतून सांगावयाचे तर हा उत्तम गृहपाठ होता. बारावीच्या मुलांना मी 'सारांशलेखन' शिकवते तेव्हा ती कंटाळतात. अशी कागदपत्रे पुढ्यात ठेवली तर कंटाळणार नाहीत असे वाटते.

तेवढ्यावर ते काम थांबले असते तर त्याचा इतिहास चार चित्रांत संपला असता. गोव्यात रेल्वेमार्गाकाठच्या गावांतील लोक बंदरातील कोळशाच्या वाहतुकीविरुद्ध आधीपासून उभे होते; 'गोंयांत कोळसो नाका' ही त्यांची चळवळ. दुपदरीकरण प्रामुख्याने कोळशासाठी आहे असे त्यांचे म्हणणे होते. अरण्यासाठी झटणारे तरुण आणि अंगणात कोळशाची धूळ झेलणारे गावकरी यांची येथे गाठ पडली. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री सासष्टीतील चांदर गावी रेल्वेच्या कामाला विरोध करण्यासाठी हजारो लोक जमले आणि मेणबत्त्या घेऊन रुळांपाशी रात्रभर बसले. त्यांत आजीबाया होत्या, तशी कॉलेजातील मुलेही होती. पुढे आयोजकांपैकी काहींवर गुन्हे दाखल झाले. निरोप मोबाईलवरून गेले असतीलच. परंतु गावातील वडीलधारे, ग्रामसभा व शेजारपाजार यांचा एकमेकांवर जुना विश्वास नसता तर थंडीतल्या रात्री इतकी माणसे बसली असती, असे मला वाटत नाही. तो विश्वास कोणत्याही यंत्रातून उतरवून घेता येत नाही.

इकडे कायद्याचे काम चालू होते. १९८६ पासून पर्यावरणाच्या प्रश्नांवर न्यायालयात झगडत आलेले गोवा फाउंडेशन हा वाद घेऊन पुढे गेले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये आपला अहवाल दिला. रेल्वेच्या दुपदरीकरणाला समितीने प्रतिकूल मत दिले. वीजवाहिनी नवे अरण्य तोडून न नेता जुन्या २२० किलोव्होल्ट वाहिनीच्या मार्गाने न्यावी असे सुचविले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातील दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या समितीने दिलेली मान्यता रद्द केली. अरण्यावर व त्यातील जीवसृष्टीवर काय परिणाम होईल याचा पुरेसा अभ्यास झाला नव्हता, हे त्यामागचे मुख्य कारण. तिन्ही प्रकल्प कायमचे गेले असे मात्र कोणी समजू नये. रेल्वेने नीट अभ्यास करून नव्याने प्रस्ताव आणावयास हरकत नाही, असे त्याच निकालात आहे.

या सर्व घटनांत दोन वर्षे गेली. आमची मुले "दहा मिनिटांत ठरवतो" म्हणतात तेव्हा मला ही दोन वर्षे आठवतात. दहा मिनिटांत ठरले असेल ते मोहिमेचे नाव. पुढचा काळ कागद वाचण्यात, तारखा सांभाळण्यात, एकमेकांची समजूत काढण्यात गेला. दुसऱ्या बाजूने, वडीलधाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की टाळेबंदीच्या त्या महिन्यांत जुन्या पद्धतीने चालणारी कोणतीही समिती हे करू शकली नसती.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आपल्या भाषेशी संबंध असलेली आहे. मोठे प्रकल्प मंजूर करण्यापूर्वी त्यांचा परिसरावर काय परिणाम होईल ते तपासण्याची पद्धत कायद्याने घालून दिलेली आहे. तिला पर्यावरण प्रभाव मूल्यमापन म्हणतात. तिचे २००६ चे नियम बदलण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये नवा मसुदा काढला. त्यात जनसुनावणीसाठी लोकांना मिळणारी मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणण्याचे सुचविले होते. मसुदा होता इंग्रजीत व हिंदीत. ज्यांच्या शेतातून, रानातून प्रकल्प जावयाचे त्यांपैकी कितीजणांना तो वाचता येणार होता? दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत मसुद्याचे भाषांतर करावे असे सांगितले. म्हणजे मराठी, कोकणी, कन्नड व उर्दू या आपल्या चारही भाषांत. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हा सरन्यायाधीश असलेले नागपूरचे शरद बोबडे यांच्या खंडपीठाने ऑगस्टमध्ये सरकारला परत उच्च न्यायालयाकडेच पुनर्विचारासाठी जावयास सांगितले. या काळात ठिकठिकाणच्या तरुण स्वयंसेवकांनी वाट न पाहता आपापल्या भाषांत मसुद्याचे सारांश तयार केले आणि फिरविले. सरकारकडे सुमारे १७ लाख हरकती व सूचना गेल्या.

परंतु याच प्रकरणात एक ठेचही लागली. हजारो लोकांनी एकाच विषयशीर्षकाची, बहुतेक एकाच मजकुराची ई-पत्रे पर्यावरणमंत्र्यांच्या पत्त्यावर पाठविली. जुलै २०२० मध्ये तरुणांच्या तीन संघटनांची संकेतस्थळे बंद झाली. 'फ्रायडेज फॉर फ्यूचर'ची भारतीय शाखा त्यांपैकी एक. दिल्ली पोलिसांच्या पहिल्या नोटिशीत तर दहशतवादाविरुद्धच्या कायद्याचा उल्लेख होता. तो नजरचुकीने झाला असे सांगून नोटीस पुढे मागे घेण्यात आली. मंत्र्याला पत्र लिहिणाऱ्या मुलांवर असा कायदा रोखला जावा, हे मला मुळीच पटलेले नाही, आणि तसे येथे स्पष्ट लिहिणे मी माझे कर्तव्य समजते. तरीही मुलांना माझे सांगणे आहे की, एकाच साच्यातली हजार पत्रे वाचणाऱ्याच्या दृष्टीने एकच पत्र असते. आपल्या विहिरीविषयी, आपल्या बांधाविषयी, आपल्या गल्लीतील गटाराविषयी चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहिल्या तर त्या ओळींना उत्तर द्यावे लागते. निबंध पाठ करून लिहिणाऱ्या मुलाला मी नेहमी कमी गुण दिले आहेत, त्याचे कारण हेच.

आता थोडे दूर जाऊ. आफ्रिकेतील केनिया देशात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर दंगली उसळल्या. वृत्तपत्रांतून पुरती माहिती मिळेना. तेव्हा जानेवारी २००८ मध्ये ओरी ओकोलो, एरिक हर्समन, ज्युलियाना रोटिच, डेव्हिड कोबिया इत्यादी तरुणांनी काही दिवसांत एक साधन बनविले. कोणीही साध्या मोबाईलवरून कोठे काय घडत आहे ते कळवावे आणि ते नकाशावर दिसावे, अशी त्याची रचना. त्याचे नाव त्यांनी 'उशाहिदी' ठेवले. स्वाहिली भाषेत याचा अर्थ साक्ष. आपल्या घरांतून 'शाहिद', 'शहादत' हे शब्द बोलले जातात, त्याच अरबी मुळाचा हा शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असा रुजला आहे. पुढे १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा हेच साधन तेथे वापरले गेले. ढिगाऱ्याखालून, छावण्यांतून लोक ४६३६ या क्रमांकावर आपल्या क्रिओल भाषेत संदेश पाठवीत, आणि अमेरिकेत व इतरत्र राहणारे हैतीचे लोक घरबसल्या त्यांचे इंग्रजीत भाषांतर करून मदतपथकांपर्यंत पोहोचवीत. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांविषयी आपण कुरकुर करतो. त्यांना असे एखादे काम दिले तर ती रात्र जागून करतील असा माझा विश्वास आहे.

या साधनाचे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. साक्ष म्हटली की साक्षीदार आला. त्याने स्वतः पाहिलेले असले पाहिजे, आणि तो विचारल्यावर सापडला पाहिजे. 'पुढे पाठवा' म्हणून आलेल्या निरोपाला साक्षीदार नसतो. असा निरोप काय करू शकतो हे आपण २०१८ च्या जुलैत पाहिले. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै रोजी मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार केले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी गरीब माणसे होती. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत बिदर जिल्ह्यात, हैदराबादहून आलेल्या एका तरुणाचा अशाच संशयातून बळी गेला. तेथे जमाव बोलाविण्याचे काम व्हॉट्सॲपनेच केले होते. म्हणजे चांदरला हजारो लोकांना एकत्र आणणारे आणि बिदरकडच्या त्या गावी खुनी जमाव गोळा करणारे साधन एकच. कंपनीने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही असे बंधन घातले, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ते एकावर आणले. हे चांगलेच झाले. परंतु कुलूप दाराला असते, मनाला नसते. अनोळखी माणसाविषयीचा संशय आधीच मनात भरलेला असला म्हणजे एक निरोपही पुरतो. अशा वेळी कोणाकडे पहिली बोटे वळतात हे आपल्या समाजाला सांगावयास नको. पण म्हणूनच, आपल्या ग्रुपवर दुसऱ्या समाजाविषयी आलेला बिनबुडाचा निरोप आपल्या मुलाने पुढे पाठविला तर तो तितकाच मोठा गुन्हा मानला पाहिजे. येथे मी कोणाचीही गय करू इच्छीत नाही.

ट्रस्टच्या कामाला या सर्वांचा उपयोग कसा करावा, याविषयी मला जे सुचते ते सांगते. आपल्या जुन्या चिटणीसांची इतिवृत्ताची वही आपण सर्वांनी पाहिली आहे : सभेची तारीख, हजर सभासद, ठराव, सूचक, अनुमोदक, आणि खाली सही. मुले त्या वहीला हसतात. परंतु ग्रुपवर ठरलेली गोष्ट तासाभरात वर सरकून दृष्टिआड होते. चार दिवसांनी कोणी काय कबूल केले होते याचा पत्ता लागत नाही, आणि मग भांडणे होतात. ठरलेल्या गोष्टीचे चार ओळींचे इतिवृत्त त्याच दिवशी ग्रुपवर टाकून ते वहीतही उतरविले, तर वही व मोबाईल यांचे वैर उरणार नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तरुणांनी अवश्य शिकावा. केंद्र सरकारच्या खात्यांकडे दहा रुपये शुल्क भरून संगणकावरूनच अर्ज करता येतो, आणि तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. न मिळाल्यास अपील आहे. रस्त्यावर घोषणा देण्यापूर्वी हा एक अर्ज करावा, म्हणजे घोषणा नेमकी होते.

मदत घेणाऱ्यांची नावे, फोन क्रमांक, छायाचित्रे याविषयी मात्र मला काळजी वाटते. शिधावाटपाची छायाचित्रे ग्रुपवर टाकण्याची प्रथा आपल्याकडेही पडली आहे. जकात देताना घेणाऱ्याची अब्रू झाकली जावी ही आपली शिकवण. मग विधवेच्या हातात पिशवी देतानाचे छायाचित्र साऱ्या शहराला कशासाठी दाखवावयाचे? हिशेब दाखवावयाचा तर पावत्या दाखवा. शिवाय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. अशा याद्या कोणाच्याही मोबाईलमध्ये पडून राहणे बरे नव्हे.

आणखी एक गोष्ट शाळेतील अनुभवावरून सांगते. २०२० साली आम्ही मोबाईलवरून धडे देऊ लागलो, तेव्हा 'गैरहजर' मुलांच्या घरी चौकशी केली. कित्येक घरी मोबाईल एकच होता आणि तो वडिलांबरोबर सकाळी कामावर जात होता. काही घरांतील आयांना स्वतःचा फोन कधीच नव्हता. ग्रुपवर निरोप टाकला म्हणजे मोहल्ल्याला कळले, असे समजणारा कार्यकर्ता याच बायका वगळून हिशेब करीत असतो. त्यांच्यासाठी उंबरे झिजविण्याला आजही पर्याय नाही.

२०१९ च्या त्या मुलीने बसविलेली पद्धत साधी आहे. तिचा प्रत्येक निरोप आता तारीख, नाव व 'अमुक दिवसापर्यंतच' या शब्दांनी संपतो. पावसाळ्यापूर्वी ती व तिच्या मैत्रिणी सखल भागातील, विशेषतः बळ्ळारी नाल्याच्या बाजूच्या घरांचा एक तक्ता मोबाईलवर तयार करतात : घरात माणसे किती, आजारी कोण, पाणी चढले तर जाणार कोठे. शेवटच्या रकान्याचे शीर्षक आहे 'खात्री कोणी केली'. मागील पावसाळ्यापूर्वी त्या रकान्यात तीन घरांपुढे काहीच लिहिलेले नव्हते. फोन लागत नव्हते. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती मला बरोबर घेऊन गेली. पहिले कुटुंब भाड्याचे घर सोडून गेले होते. दुसऱ्या घरी फोनचा क्रमांक बदलला होता, तो तिने लिहून घेतला. तिसऱ्या घरी एक म्हातारी एकटीच राहत होती. तिच्याकडे फोन नव्हता, मुलगा दुबईला होता, आणि शेजाऱ्याचा जो क्रमांक तक्त्यात होता तो शेजारी वर्षापूर्वीच वारला होता. मुलीने पलीकडच्या घरी जाऊन नवा क्रमांक मागून घेतला, रकान्यात आपले नाव घातले, आणि म्हातारीने दिलेला चहा पिऊन आम्ही अंधार पडण्यापूर्वी परतलो.